जुना संगणक सुरू होत नाही तेव्हा

आमच्या शाळेत नकाशांच्या गुंडाळ्या ठेवण्याचे एक कपाट आहे. त्या कपाटामागे १९९०च्या दशकातला एक संगणक कित्येक वर्षे पडून होता. वर एक जुना पडदा टाकलेला, पडद्यावर बोटभर धूळ. यंदा वादळी पावसाचे दिवस सरल्यावर आम्ही ती खोली साफ करायला घेतली. त्या दिवशी आमचे एक निवृत्त गुरुजी सहज भेटायला आले होते. त्यांनी त्या यंत्राकडे बोट दाखवून विचारले, "यातली माझी झाकरीची गाणी कुणी काढून घेतली काय?"

मी चपापले. गुरुजींनी पूर्वी दर रविवारी कास्काव्हेलच्या बाजूला फिरून वयोवृद्ध मंडळींकडून झाकरीची आणि लग्नातली गाणी लिहून घेतली होती, हे आम्हा सर्वांना ऐकून ठाऊक होते. ती त्यांनी या संगणकात टंकित करून ठेवली आहेत, हे मात्र मला नवीन होते. मूळ वही एका वादळात भिजून गेली. गाणी सांगणाऱ्यांपैकी आज दोघीच हयात आहेत, आणि त्यांनाही आता फारसे आठवत नाही.

मी तार जोडली आणि बटण दाबले. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. पुन्हा दाबले. पुन्हा तेच. खोटे कशाला सांगू, आठ-दहा वेळा तरी दाबले असेल. एका मुलाने सुचवले, "मिस, बाजूने एक थापड मारून बघा ना, आमचा टीव्ही तसाच लागायचा." मी थापडही मारून पाहिली.

माझे एक काका साखर कारखान्यात फिटर होते. गाळप चालू असताना एखादे चाक अडले तर सगळा कारखाना खोळंबायचा आणि साहेब लोक येऊन ओरडायचे. काका त्या गडबडीत आधी नुसते उभे राहत, कान देऊन ऐकत, हाताचा तळवा यंत्राच्या अंगावर ठेवून बघत, आणि मगच पान्ह्याला हात घालीत. संध्याकाळी घरी आले की सांगत, "आधी ऐक गो, मग हात लाव." काका आज नाहीत. मी त्यांचे ऐकले नव्हते, हे त्या रात्री मला फार लागले. मग जुनी यंत्रे पुन्हा चालू करणारी माणसे नेमके काय करतात याचा शोध घेऊ लागले. त्यात अमेरिकेतील काही मंडळींच्या कामाची हकिगत हाती आली. आपल्या वाचकांना ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू नावाचे गाव आहे. तेथे संगणकांच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे, कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम. त्याचा पत्ता १४०१, नॉर्थ शोरलाइन बुलेव्हार्ड असा आहे, आणि योगायोग असा की तेथे ज्या यंत्राला पुन्हा जिवंत केले त्याचे नावही १४०१च. आयबीएम कंपनीने १४०१ हा संगणक ५ ऑक्टोबर १९५९ रोजी जाहीर केला. तो टेबलावर मावणारा नव्हता. त्याची कपाटे, कार्डे वाचणारे यंत्र, छापणारे यंत्र आणि फितीची यंत्रे मिळून एक खोली भरत असे. माहिती त्याला पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडून द्यायची. मिनिटाला ८०० कार्डे तो वाचायचा आणि ६०० ओळी छापायचा. कंपन्या तो बहुधा भाड्याने घेत. अगदी साध्या जोडणीचे भाडे महिन्याला २,५०० डॉलरच्या घरात होते, आणि तरीही अशी १०,००० हून अधिक यंत्रे बनली. मुंबईतसुद्धा १९६१ मध्ये एस्सो या तेल कंपनीकडे हेच १४०१ आले होते. म्हणजे आपल्या आजे-पणजांच्या मुलखाला कचेरीतल्या संगणकाची ओळख झाली ती याच यंत्राने.

संग्रहालयाला असे एक यंत्र जर्मनीतील हाम या गावातून मिळाले. २००४ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले तेव्हा त्याची अवस्था आमच्या कपाटामागच्या यंत्राहून वेगळी नव्हती. दीर्घकाळ ओलसर जागी राहिल्याने त्याचे धातूचे भाग गंजले होते. त्याच्या पोटात छपाई केलेल्या लहान लहान पट्ट्या हजारोंनी बसवलेल्या असतात आणि बहुतेक पट्ट्यांवर जर्मेनियमचे काही ट्रान्झिस्टर असतात. यांतला एक जरी मेला किंवा एखादी पट्टी खाचेत नीट बसली नाही तरी बेरीज चुकते, नाही तर यंत्र गप्प बसते. आणि हजारोंपैकी कोणती पट्टी, हे बाहेरून दिसत नाही.

दुरुस्तीला कोण आले? बरीचशी मंडळी आयबीएममधून निवृत्त झालेली होती. तरुणपणी हीच यंत्रे दुरुस्त करीत गावोगावी फिरलेले कारागीर, आता केस पांढरे झालेले. रॉबर्ट गार्नर या अभियंत्याने त्यांची जुळवाजुळव केली. पगार नाही, सक्ती नाही. ठरल्या दिवशी यायचे, चष्मा लावायचा आणि कामाला बसायचे.

अशा कामात सगळ्यांत आधी बटणाला हात लावायचा नसतो. मी जे आठ-दहा वेळा केले तेच नेमके करायचे नसते. जुन्या यंत्रात वीज साठवणारे डबे असतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात, आपले रेडिओ दुरुस्त करणारे त्यांनाच कंडेन्सर म्हणत. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की त्यांच्या आतला पातळ थर क्षीण होतो. अशा डब्याला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली तर तो फुटतो आणि जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. म्हणून वीजपुरवठ्याचा भाग आधी यंत्रापासून सोडवायचा, त्याला थोडी थोडी वीज चढवत न्यायची, तास-दोन तास थांबायचे, जो डबा गरम होईल तो बदलायचा. उपाशी माणसाला आधी पेज देतात, एकदम पंगतीला बसवीत नाहीत, तसेच हे. मग त्या पुरवठ्यावर खोटे ओझे लावून तो किती व्होल्ट देतो ते मोजायचे. आकडा बरोबर आला तरच खऱ्या यंत्राला जोडायचे.

जर्मनीच्या यंत्राची आणखी एक अडचण होती. तेथली वीज आपल्या बेटावरच्यासारखी सेकंदाला ५० फेऱ्यांची असते, अमेरिकेतली ६० फेऱ्यांची. यंत्र ५० वर वाढलेले. तेव्हा त्याच्यासाठी ६० ची ५० करून देणारी सोय बसवावी लागली. परदेशी आलेल्या सुनेला माहेरचे पाणी लागावे तसे! असो.

वीज मिळाली म्हणजे यंत्र चालले असे नाही. येथून खरे काम सुरू होते. या संगणकाबरोबर त्याच्या जोडणीच्या नकाशांची जाडजाड बाडे असत. कोणती तार कोणत्या पट्टीतून निघून कोठे जाते, हे त्यांत रेघारेघांनी दाखवलेले असते. एखादे उत्तर चुकले की या मंडळींनी नकाशा उघडायचा आणि वाटेत मध्यावर एक जागा शोधायची. तेथे संकेत ठीक पोचतो काय? पोचत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. हजार पट्ट्यांतून एक निवडायला दहाच प्रश्न पुरतात, गणित करून पाहा. पण अट एकच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन पट्ट्या एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कशाने चालले हे कधीच कळत नाही.

हे वाचताना मला माझे शिक्षक-प्रशिक्षणाचे दिवस आठवले. मूल वाचताना अडले की आपण काय म्हणतो? "पुन्हा वाच." पुन्हा अडले की "पुन्हा वाच," आवाज जरा चढवून. हे बटण दाबत राहण्यासारखेच नव्हे काय? आम्हांला शिकवले होते की मूल कोठे अडते ते आधी शोधा. अक्षर ओळखते, पण मात्रा लागल्यावर गडबडते? शब्द वाचते, पण घरी क्रिओल बोलत असल्याने अर्थ लागत नाही? की त्याला फळाच दिसत नाही आणि चष्म्याची गरज आहे? वीस वर्षे मी हे वर्गात करीत आले, आणि यंत्रापुढे उभी राहिले तेव्हा सगळे विसरले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या यंत्रात दोष एकटा नसतो. एकामागे दुसरा दडलेला असतो, आणि पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नाही. म्हणून आज चालले ते पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडते. माउंटन व्ह्यूच्या मंडळींना याचा भरपूर अनुभव आला. २००८ मध्ये त्यांना दुसरे १४०१ मिळाले, अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्यातील डॅरिएन गावच्या एका घराच्या तळघरातून. त्याचीही तशीच सेवा केली. दोन्ही यंत्रे चालू स्थितीत दाखवणारे दालन लोकांसाठी उघडले ते २०१३ मध्ये. म्हणजे पहिले यंत्र आल्यापासून नऊ वर्षे! बाडे हाताशी होती, तरी नऊ वर्षे. कारण बाडात रेघा असतात, पण कार्डे ओढणाऱ्या यंत्राचा आवाज जरा बदलला तर कोणता पट्टा सैल झाला, हे बाडात नसते. ते त्या म्हाताऱ्या कारागिरांच्या कानात असते. त्यांतले काही आता राहिले नाहीत. जे होते ते तरुण अभियंत्यांना शेजारी बसवून दाखवीत गेले.

भारतात असाच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला होता. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला. यंत्रे जागच्या जागी, पण बनवणारा निघून गेला. तेव्हा सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली, आणि दुसऱ्याने बनवलेली यंत्रे चालती ठेवता ठेवताच आपल्याकडच्या अभियंत्यांची एक पिढी तयार झाली.

अमेरिकेतलाच दुसरा एक किस्सा थोडक्यात सांगते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत दिशा दाखवणारा एक संगणक असे. ज्या चांद्रयानाची चाचणी पृथ्वीवरच घेतली गेली, त्यातला असा एक संगणक १९७६ मध्ये एका गृहस्थाने भंगारातून विकत घेऊन जपून ठेवला होता. २०१८ मध्ये मार्क व्हर्डिएल, केन शिरिफ, माइक स्ट्यूअर्ट आणि कार्ल क्लॉन्च या चौघांनी तो उघडला. काम ह्यूस्टनच्या एका हॉटेलातल्या खोलीत सुरू झाले! त्यांनीही वीज देण्याआधी एकेक भाग वेगळा काढून मोजला. स्मृतीच्या भागात एक तार तुटलेली निघाली, आणि तो भाग तर राळेसारख्या पदार्थात कायमचा बंद केलेला. डॉक्टर हाड पाहतो तसे क्ष-किरणांनी आत पाहावे लागले. २०१९ च्या जुलैत, माणूस चंद्रावर उतरल्याला ५० वर्षे झाली त्या सुमारास, तो संगणक पुन्हा चालत होता.

पण ज्या यंत्राला हातच लावता येत नाही, त्याचे काय करायचे? कॅलिफोर्नियातीलच पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीसमोर हा प्रश्न आला. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेले. १४ नोव्हेंबर २०२३ पासून त्याचे बोलणे एकाएकी निरर्थक झाले. आवाज यायचा, पण त्यात शब्द नाही. आमच्या यंत्राचा पंखा फिरायचा आणि पडदा काळा, तसेच म्हणा. यान तेव्हा सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर होते. एक प्रश्न विचारला तर तो तेथे पोचायला तेव्हा साडेबावीस तास लागत आणि उत्तर यायला आणखी तितकेच. बटण पुन्हा पुन्हा दाबण्याची सोयच नाही. एकेक प्रश्न विचार करून विचारायचा आणि दोन दिवस वाट पाहायची.

१ मार्च २०२४ रोजी त्यांनी यानाला हलकेच एक टोचणी दिली, काही वेगळे बोलतोस काय म्हणून. जे उत्तर आले ते नेहमीच्या ठेवणीचे नव्हते. एका अभियंत्याने ते उलगडले तेव्हा कळले की यानाने आपली सगळी स्मृतीच वाचून पाठवली आहे. ती जुन्या, चांगल्या काळातल्या प्रतीशी ताडून पाहिली. सुमारे ३ टक्के भाग बिघडला होता, स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. चिप बदलायला कोण जाणार? मग त्या चिपमध्ये राहणाऱ्या सूचनांचे तुकडे करून स्मृतीत जेथे जेथे रिकामी जागा होती तेथे बसवले, आणि एकमेकांचे नवे पत्ते त्यांना कळवले. १८ एप्रिलला आज्ञा गेली, २० एप्रिलला उत्तर आले, आणि यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. छेचाळीस वर्षांचे यंत्र, आणि त्याची काही कागदपत्रे ज्यांनी लिहिली ते केव्हाच निवृत्त झालेले! कागद जपून ठेवले होते म्हणून निभावले.

आता आमच्या यंत्राकडे येते. मी ते काथ्र-बोर्नच्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे नेले. त्याने बटण दाबलेच नाही. आधी विचारले, "मिस, तुम्हांला यंत्र हवे की आतली माहिती?" मी म्हटले, माहिती. तेव्हा त्याने प्रथम माहितीची तबकडी बाहेर काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिची नक्कल करून घेतली. वाचकहो, तुमच्या घरीही बंद संगणकात लग्नाचे फोटो असतील तर हे ध्यानात ठेवा. यंत्र मेले तरी तबकडी बहुधा जिवंत असते. मात्र वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा स्वतः उघडू नका. तार काढल्यावरही त्यात जोराचा झटका शिल्लक असतो.

गाण्यांच्या फायली मिळाल्या. मी आनंदाने उघडल्या, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! त्या काळी मराठी टंकायला प्रत्येकाचा अक्षरसंच निराळा असे. एकाचा "क" दुसऱ्याच्या यंत्रात स्वल्पविराम होई. गुरुजींना संचाचे नाव आठवेना. तेव्हा ते जुने यंत्रच चालू करणे भाग पडले.

खोके उघडले. आत पालीची तीन अंडी होती. वायरींवर मीठ धरल्यासारखा पांढरा थर होता, आपल्या बेटाची हवाच तशी. स्मृतीची पट्टी खाचेतून काढली तर तिचे दात हिरवट झालेले. त्या मुलाने ते शाळेतल्या खोडरबरने, माझ्याच पिशवीतल्या, हळूहळू घासले आणि पट्टी परत बसवली. बटण दाबताच एक "बीप" झाले आणि पडदा उजळला. पण पहिल्या दोषामागे दुसरा होताच. यंत्र म्हणाले, तबकडी नाही. तबकडी तर आत बसवलेली! नाण्याएवढी एक बॅटरी अशा यंत्रात असते. यंत्र बंद असतानाही तारीख आणि तबकडीची ओळख ती सांभाळते. ती मोजली तर ३ व्होल्टच्या जागी काहीच उरले नव्हते. नवी घातली. तबकडीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर तिचे मोजमाप छापलेले होते, ते आकडे एकेक करून यंत्राला परत सांगितले. मग त्याने तारीख विचारली, ती सांगितली.

अक्षरसंच तेथेच होता. त्याची नक्कल घेतली आणि नव्या संगणकात बसवली. कचऱ्याची अक्षरे झाली. एकूण चाळीस गाणी निघाली. शनिवारी छापील पाने घेऊन मी गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, आणि अकराव्या पानावर थांबले.

"याचे शेवटचे कडवे टंकायचे राहून गेले होते," ते म्हणाले. "कागद आण. मला अजून येते."